मूल सांभाळणाऱ्या बाईचं आजारपण : खाडा की रजा?

पावसाळा लागला की तापाच्या साथी येतात आणि त्यांच्या मागोमाग रजेची पत्रं. या वेळी मुलं सांभाळणाऱ्या बायकांनीही लिहिलंय आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या घरांनीही.

प्रश्न : मी जळगावला पिंप्राळ्यात राहते. वर्षभरापासून एका घरी बाळ सांभाळते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पगार 6,000. रविवारी सुट्टी. तापामुळे तीन दिवस गेले नाही, तर ताईंनी पगाराला 26 ने भागून तीन खाडे कापले. कायद्याने हे चालतं का?

कडू आहे ते आधी सांगते. घरात काम करणाऱ्या बाईला आजारपणाची भरपगारी रजा द्यायलाच हवी, असा कायदा महाराष्ट्रात नाही. दुकानं-आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, पण तो ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. कुणाच्या घराला तो लागत नाही. 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं. 18 ते 60 वयाच्या बाईने तिथे नोंद जरूर करावी, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करा. प्रसूतीसारख्या प्रसंगी मदत मिळते. मात्र तापात बुडालेली मजुरी मंडळ भरून देत नाही.

तरी तुमच्या ताईंचा हिशोब चुकलाय. रविवार पगारी आहे, म्हणजे 6,000 हा पूर्ण महिन्याचा पगार. मग खाडाही 30 ने भागूनच धरायचा. 200 रुपये रोज, तीन दिवसांचे 600. 26 ने भागलं की तेच जवळपास 692 होतात. हे 92 रुपये शांतपणे परत मागा. हा हिशोब कागदावर मांडून दाखवला की बहुतेक जण ऐकतात.

पुढचं बोलणं त्याच बैठकीत उरकून घ्या. 'ताई, महिन्याला एक दिवस आजारपणाचा भरपगारी धरा, नाही घेतला तर पुढे साठू द्या.' वर्षाचे 12 दिवस, म्हणजे त्यांना 2,400 रुपये. लेकरू अंगाखांद्यावर रुळलेली बाई सोडून गेली तर नवी शोधण्यात यापेक्षा कितीतरी जास्त जातं, आणि मूल आठवडाभर रडतं ते वेगळंच. ठरलं की लिहून ठेवा. स्टॅम्प पेपर नको, दुधाचे खाडे जिथे मांडतात त्या कालनिर्णयावर तुमचे दिवसही मांडले तरी पुरे. महिनाअखेरीला दोघींनी मिळून मोजायचे.

प्रश्न : मी धुळ्याला देवपुरात राहते, बँकेत नोकरी. आमच्या मावशींचा सकाळी सातला फोन येतो, 'ताई, आंग तपी ऱ्हायनं' (अंग तापलंय). साडेनऊला मला काउंटरवर असावं लागतं. खरं की खोटं कसं कळणार? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी तर हमखास पोट दुखतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागू का?

एका दिवसाच्या तापाला सर्टिफिकेट मागू नका. तपासणीची फी आणि रिक्षाभाडं यातच तिची त्या दिवसाची कमाई जाते. वर तुम्ही खाडा धरलात तर ताप तिला दुप्पट पडला. तिसऱ्या दिवसापासून मागा, आणि तेही सरकारी दवाखान्याचा केसपेपर चालेल असं आधीच सांगा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी एकला स्कूलबसच्या थांब्यावर उभी राहिलेली बाई दुसऱ्या दिवशी उलट्या करत पडली, तर त्यात खोटं काय शोधायचं?

आखाजीचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, फक्त दोष चुकीच्या जागी टाकलात. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या दिवशी तिला घरी असावंसं वाटणारच. जिथे आखाजीची सुट्टी मागून मिळत नाही, तिथे पोट दुखतंच. आखाजी, पोळा, कानबाईचा रोट असे सणाचे चार दिवस आधीच ठरवून वेगळे द्या. मग उरलेल्या आजारपणांवर तुमचाही विश्वास बसेल.

साडेनऊच्या काउंटरचं काय? तो प्रश्न मावशींचा नाही, तुमच्या घराचा आहे, आणि त्यात बाळाचे बाबाही येतात. त्यांची रजा कधी निघते, हे पत्रात कुठेच नाही! दोघांनी आलटून पालटून रजा काढायची, शेजारच्या काकूंना दोन तासांसाठी आधीच विचारून ठेवायचं, जवळच्या पाळणाघरात अधूनमधून ठेवायची सोय बघायची. मावशींना एवढंच सांगा : रात्री कणकण वाटली तर रात्रीच कळवा, सकाळची वाट बघू नका. रात्री फोन केल्यावर बोलणी खावी लागली, तर मात्र त्या सातलाच करतील.

आणि ताप असताना 'गोळी घे आणि ये' म्हणू नका. गोळीने ताप दबतो, लागण थांबत नाही. गोळी न घेता 24 तास ताप नाही, जुलाब थांबून 48 तास झाले, मग तिने बाळाला घ्यावं.

प्रश्न : भुसावळहून लिहितेय. मिस्टर रेल्वेत, ड्यूटीचा नेम नाही. मुलाला कांजण्या आल्यात. सांभाळणाऱ्या बाईला येऊ द्यावं का? तिला लागण झाली तर पगाराचं काय?

पहिला प्रश्न तिलाच विचारा : लहानपणी कांजण्या येऊन गेल्यात का? आल्या असतील तर सहसा भीती नाही. आल्या नसतील किंवा तिला आठवत नसेल, तर येऊ देऊ नका. मोठ्या माणसाला कांजण्या लेकरापेक्षा जड जातात. ती गरोदर असण्याची शक्यता असेल तर आजच तिला डॉक्टरांकडे पाठवा, खर्च तुमचा. अडचण अशी की पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते. ती तेव्हा बाळाजवळ होतीच. त्यामुळे पुढचे 10 ते 21 दिवस तिने आणि तुम्ही लक्ष ठेवायचं. मुलाच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत तिला लांब ठेवा.

पगार पूर्ण द्या. तुम्ही 'येऊ नकोस' म्हणालात तो दिवस खाडा नव्हेच. तुमच्याच घरून आजार घेऊन ती पडली, तर ते दिवसही तिच्या वर्षाच्या 12 भरपगारी दिवसांमधून वजा करू नका. कायदा सांगत नाही, मी सांगतेय.

प्रश्न : आमची बाई आजारी पडली की तिच्या तेरा वर्षांच्या मुलीला पाठवते. मुलगी हुशार आहे, बाळाला छान खेळवते. चालेल ना? (चोपडा)

नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, मग ती एका दिवसाची बदली का असेना. सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्या दिवशी तिची शाळा बुडते. आईला खाड्याची धास्ती असते म्हणून ती लेकीला पाठवते. तिची रजा भरपगारी करा, मुलगी शाळेत जाईल.

प्रश्न : अमळनेरला पाळणाघरात काम करते. आम्हाला आजारपणाचे पैसे मिळतात का?

दहा किंवा जास्त कामगार असतील, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल आणि तुमचा पगार 21,000 पर्यंत असेल, तर मिळतात. पगाराच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. पगाराच्या कागदावर ईएसआयची कपात दिसते का ते बघा. दिसत नसेल तर संचालकांना विचारा.

प्रश्न : नंदुरबारला दोन घरी मुलं सांभाळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे. सांगितलं तर काम जाईल, म्हणून अंगावर काढतेय.

ताई, उद्याच सरकारी दवाखान्यात जा आणि थुंकीची तपासणी करून घ्या, ती मोफत असते. बहुतेकदा खोकला साधाच निघतो. क्षयरोग निघाला तरी औषधं मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1,000 रुपये खात्यात येतात. साध्या क्षयरोगात नियमित गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत लागण पसरण्याचा धोका बराच उतरतो. कामावर कधी जायचं ते मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही घरी सांगा, 'खोकल्याची तपासणी चालू आहे, बाळाला जवळ घेत नाही.' लहान मुलांना हा आजार मोठ्यांपेक्षा लवकर जडतो, त्यामुळे निदान झालंच तर त्या मुलांचीही तपासणी लागेल. लपवून नंतर कळलं तर काम नक्की जाईल. आधी सांगितलं तर राहण्याची आशा आहे, खात्री मी देत नाही. जाताना आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक सोबत न्या, योजनेच्या नोंदणीला दोन्ही लागतात.