नडगीचं हाड आणि घट्ट पट्टी

गुडघ्याखाली हाड एक असतं की दोन? (सांगली)
दोन. पुढचं जाड ती टिबिया, म्हणजे आपली नडगी. बाहेरच्या अंगाला काडीसारखं बारीक ते फिब्युला.

वडिलांच्या जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आहे. पायातलं हाड काढून जबड्याला बसवणार म्हणतात. मग ते चालणार कसे? (नाशिक)
चालतील. अंगाचा बहुतेक भार नडगीच पेलते, त्यामुळे फिब्युलाचा मधला तुकडा रक्तवाहिनीसकट काढता येतो. खालचं टोक मात्र राखतात. बाहेरचा घोटा म्हणजे तेच टोक. मधुमेह असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्या का, हे सर्जनना विचारा. आणि तंबाखू सुटली ना?

पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करतो. नडगी दुखते, पण एक्स-रे नॉर्मल आहे. (बीड)
धावणं थांबवा. ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर अस्थितज्ज्ञांना गाठा. स्प्रे मारून पळू नका.

मुलगा झाडावरून पडला. हाडवैद्यांनी तेल चोळून कामट्या बांधल्या. तो रात्रभर ओरडतोय. ‘हाड सांधतंय, म्हणून दुखतं’ म्हणतात. दोन दिवस थांबू का? (नंदुरबार)
यांना मी त्याच दिवशी फोन केला. बाकीच्यांसाठी लिहितो, कारण हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. हाड सांधताना कोणी रात्रभर ओरडत नाही! गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात आणि त्यांचं वेष्टन ताणलं जात नाही. आत सूज, वरून आवळलेली पट्टी. दाब वाढतो, रक्त अडतं आणि साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. गोळीनेही न थांबणारी कळ, पायाची बोटं दुसऱ्याने हलवली की जीव जाणं, ही त्याची खूण. पावलाची नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, ती बराच वेळ लागू शकते. पट्टी, कामट्या सगळं सोडा आणि तडक रुग्णालय गाठा. प्लास्टर आम्ही डॉक्टरांनी घातलेलं असलं तरी कळ अशीच असेल तर सकाळची वाट पाहू नका.

हाड लवकर जुळायला जाहिरातीतली पावडर घेऊ का? (चिपळूण)
नको. नडगीच्या खालच्या भागाला रक्तपुरवठा मुळातच कमी, तिथलं हाड वेळ घेणारच. तेच पैसे दूध, अंडी, डाळींवर खर्च करा, विडी असेल तर सोडा, आणि पुढच्या एक्स-रेची तारीख चुकवू नका.