शारजात कंपनी काढतोय, बायकापोरांना कधी न्यायचं?

प्रश्न: नमस्कार. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनी) आणि अकरा माणसं. फौंड्रीतनं कास्टिंग आणायचं, व्हॉल्व्ह बॉडी मशीनिंग करून द्यायची, असं काम. चार वर्षं झाली शारजाच्या एका पार्टीला माल जातोय, आता ती पार्टी म्हणते इथंच कंपनी काढा, स्टॉक ठेवा, लागेल तसा आम्ही उचलतो. पुण्याचा एक कन्सल्टंट म्हणतो फ्री झोनचं लायसन्स आठ दिवसांत हातात, फॅमिलीचा व्हिसा त्यातच. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच. मिसेस शॉपचं बिलिंग, जीएसटी, पगार सगळं बघते. येत्या जूनमध्ये सगळ्यांनी एकदमच जावं म्हणतोय, शेड आणि मशिनी विकून टाकाव्या का? ता.क. आई विचारतीय, घरचा मसाला न्यायला चालतो का.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, मी स्वतः नऊ वर्षं शारजात काढून परत आलोय त्यामुळं जरा स्पष्टच लिहितो, राग मानू नका.

पहिलं म्हणजे त्या पार्टीचंच बघू. भारत आणि यूएईचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, बऱ्याच इंजिनिअरिंग मालावर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला, जोडलं की तिकडं ड्युटी लागत नाही, म्हणजे तो तुमचा माल आजही आरामात थेट मागवू शकतो. मग त्याला तुम्ही तिथं कशाला पाहिजेत? स्टॉक ठेवायला. आज चार महिन्यांचा माल त्याच्या पैशात पडून असतो, उद्या तो तुमच्या पैशात, तुमच्या भाड्याच्या गोडाऊनात पडणार आणि हा त्यातनं लागेल तसा उचलणार, वर ९० दिवसांची उधारी मागणार. वाईट माणूस आहे असं नाही म्हणत, धंदा आहे, मीपण हेच केलं असतं. पण मग त्याच्याकडनं लेखी घ्या, महिन्याला किमान किती उचलणार आणि पेमेंट किती दिवसांत. नुसत्या तोंडी शब्दावर संसार हलवू नका. आणि दुसरं गिऱ्हाईक? एका पार्टीच्या जिवावर परदेशात कंपनी म्हणजे नोकरीच झाली की, फक्त पगाराची खात्री नसलेली.

कन्सल्टंट आठ दिवसांचं म्हणतो ते खोटं नाही. लायसन्स हा त्यातला सगळ्यात सोपा आणि स्वस्त भाग आहे. फ्री झोन म्हणजे कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेला आखलेला भाग, त्याच्या लायसन्सवर बाहेर मेनलँडमध्ये, म्हणजे बाकीच्या देशात, मनाला येईल तसा माल विकता येत नाही, त्यामुळं तुमची पार्टी झोनमध्ये बसते का बाहेर हे आधी विचारा. बाहेर असेल तर मेनलँडचंच लायसन्स बघा, २०२१ पासून बहुतेक धंद्यांना तिथं लोकल पार्टनर लागत नाही, पूर्वी लागायचा आणि त्यावरनं लै लोकांची भांडणं झालेली मी बघितलीयत. टॅक्स नाही म्हणून कोण सांगत असेल तर तेही जुनं झालं, २०२३ पासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे, व्हॅट ५ टक्के वेगळा.

आता घरचं. तुमचा व्हिसा त्या लायसन्सवर, आणि वहिनींचा नि पोरांचा तुमच्या व्हिसावर. म्हणजे चौघं एकाच खुंटीला. धंदा बसला, रिन्यूअलचे पैसे नाही निघाले तर चौघांनी एकदम बॅगा भरायच्या. आणि वहिनी मध्येच कंटाळून पोरांना घेऊन कोल्हापूरला आल्या आणि सहा महिन्यांच्या वर राहिल्या तर साधा रेसिडन्स व्हिसा रद्द होतो, हे सुद्धा माहीत असू दे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की तुम्ही एकट्यानं जा. घर भाड्यानं घ्यायचं तर मालक वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक मागतो, कुठं एकच चेक, कुठं चार, चेकबुक बँक खात्याशिवाय नाही, खातं एमिरेट्स आयडीशिवाय (तिथलं ओळखपत्र) नाही, आणि आयडी मेडिकल झाल्याशिवाय नाही. नव्या कंपनीचं खातं काढायला तर बँका लैच वेळ लावतात. ही सगळी साखळी दोन पोरं हॉटेलच्या खोलीत ठेवून पळवायची नसते. एकटा माणूस बेडस्पेसवर, म्हणजे दुसऱ्यांच्या खोलीत भाड्यानं घेतलेल्या एका कॉटवर पण झोपतो.

जून तर अजिबात नको. आपल्याकडं जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून तुम्ही तसं धरलंय, पण तिकडच्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलला सुरू होतात आणि जुलै-ऑगस्ट सुट्टी. म्हणजे मुलगी इथली शाळा सोडणार आणि तिथं वर्गात एक ओळख व्हायच्या आत घरात बसणार, बाहेर ४५ डिग्री, बागेत न्यायची सोय नाही. पुढच्या एप्रिलचा प्रवेश धरा. खासगी शाळेतसुद्धा अरबी विषय घ्यावा लागतो, पोरं शिकतात पटापट, त्याची काळजी नको.

तोपर्यंत इथं कागद जमवा, कारण खरा वेळ ह्यातच जातो. लग्नाचा दाखला आणि पोरांचे जन्मदाखले मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग यूएईची वकिलात असे शिक्के मारून न्यावे लागतात. माझं काय झालं सांगतो. आमच्यात लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत, भटजींनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायला लावलं, मीपण हौसेनं लिहिलं. पुढं लग्नाच्या दाखल्यावर तांदळातलं नाव, पासपोर्टवर माहेरचं आणि पोराच्या जन्मदाखल्यावर दवाखान्यातल्या बाईनं ऐकलं ते घरातलं हाक मारायचं नाव. एकाच बाईची तीन नावं! तिथल्या काऊंटरवरचा माणूस तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडं बघायला लागला, मला वाटलं आता हा विचारतो लग्नं किती केलीत. गॅझेट, ॲफिडेव्हिट, दाखला दुरुस्ती, परत शिक्के, ह्यात बायको-पोरगं पाच महिने इकडंच. तुम्ही आज रात्री जेवण झाल्यावर सगळे कागद काढा आणि नावाचं एकेक अक्षर जुळवा.

शेड, मशिनी विकायचा विषय बंद करा. तिकडं पहिलं पेमेंट येईपर्यंत घर ह्याच तीन मशिनींवर चालणार आहे. प्रश्न वेगळाच आहे, वहिनी पण गेल्या तर इथं बघणार कोण? तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. बिलिंग, जीएसटी, पगार म्हणजे अर्धा कारखाना त्याच चालवतात. तिकडं दीड तास मागं असतं, इथं आठची शिफ्ट लागते तेव्हा तिथं साडेसहा, म्हणजे फोनवर जमेल थोडंफार, पण सुपरवायझर तयार करायला सहा महिने द्या आणि विश्वासातल्या माणसाला रजिस्टर्ड मुखत्यारपत्र द्या. आणि वहिनींना जायचं आहे का, हे पत्रात कुठं दिसलं नाही. विचारलंय ना?

पैशाचं थोडक्यात: कंपनीच्या शेअरचे पैसे बँकेतनंच, आधी फॉर्म एफसी भरून पाठवा, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा टॅक्स) कापते, ते रिटर्नमध्ये वळतं होतं पण तोवर अडकतं, ते धरून चाला. हुंडीच्या वाटेला जाऊ नका. एनआरआय झालात की इथली खाती एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांसाठीची खाती) करावी लागतात, शॉप प्रोप्रायटरी असेल तर त्याचं करंट खातंसुद्धा, आणि सीसी लिमिट (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) असणारच, तर मॅनेजरला आधीच सांगून टाका, नंतर त्याला दुसरीकडनं कळलं तर अवघड. स्वतःच्याच दोन कंपन्यांत माल मनाला येईल त्या दराला देता येत नाही, सीएला हे पहिल्या दिवशी विचारा.

राहिला मसाला. आईंना सांगा, मसाला न्या पण त्यात खसखस घालायची नाही. यूएईत खसखशीवर बंदी आहे, सापडली तर नुसती फेकून देत नाहीत, माणसाला आत घेतात. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात ती असतेच, आणि कुटल्यावर वेगळी काढता येत नाही. म्हणून डंकावर न्यायच्या आधीच सांगा.