विलीनीकरणात मिळालेल्या शेअर्सची खरेदी किंमत शून्य नसते

प्रश्न: २०१९ मध्ये एचडीएफसी लिमिटेडचे १०० शेअर्स दलालीसह २,००,००० रुपयांना घेतले होते. विलीनीकरणात त्यांचे एचडीएफसी बँकेचे १६८ झाले, २०२५ च्या बोनसनंतर (बँकेने फुकट दिलेल्या शेअर्सनंतर) ३३६. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांतले १६८ विकून १,६८,००० रुपये आले. ब्रोकरच्या पत्रकात खरेदी किंमत शून्य दिसते. सगळ्या रकमेवर कर भरायचा का? – एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर: नाही, ताई. तुम्हाला ३२,००० रुपयांचा तोटा झाला आहे.

१ जुलै २०२३ रोजी कंपनी बँकेत विलीन झाली आणि दर २५ शेअर्सना बँकेचे ४२ मिळाले. प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ४७ नुसार ही अदलाबदल विक्री धरली जात नाही. कलम ४९(२) नुसार जुन्या शेअर्सची किंमत हीच नव्यांची किंमत. २,००,००० भागिले १६८, म्हणजे शेअरमागे १,१९०.४८ रुपये. मुदतही २०१९ पासूनच मोजायची, त्यामुळे हा तोटा दीर्घकालीन, म्हणजे वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअर्सवरचा.

खरा घोळ बोनसमुळे होतो. अनेक जण २,००,००० ला ३३६ ने भागून शेअरमागे ५९५ रुपये धरतात. तसं करू नका. बोनस शेअरची किंमत कायद्यानेच शून्य आहे आणि मूळ शेअर्सची किंमत बोनसने कमी होत नाही. डीमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी विकला असं धरतात, म्हणून तुम्ही विकलेले १६८ हे जुनेच.

हा तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो आणि पुढची आठ वर्षं ओढता येतो. पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरायला हवं, तेही आयटीआर-२ या फॉर्ममध्ये. आयटीआर-१ भरलात तर हा हक्क जाईल.

उरलेले १६८ बोनसचे आहेत. ते ऑगस्ट २०२६ संपेपर्यंत शक्यतो विकू नका. वर्षाच्या आत विकले तर पूर्ण रकमेवर २० टक्के कर लागेल. नंतर विकले तर वर्षाला १,२५,००० रुपयांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

२०१९ ची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली खरेदीची पावती) आजच शोधून ठेवा. सापडली नाही तर ब्रोकरकडे लेखी मागा. पैसे खात्यातून गेल्याची पासबुकातली नोंदही जोडीला ठेवा. प्राप्तिकर खात्याने विचारलं तर खरेदी किंमत सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, ब्रोकरवर नाही.