प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये यासाठी नैसर्गिक संयुगांचा खरोखर उपयोग होतो का?

होय, प्रत्यारोपणानंतर रुग्णांना रोज दिल्या जाणाऱ्या प्रमुख औषधांपैकी बरीचशी औषधे मुळात मातीतल्या बुरशींनी आणि जिवाणूंनी तयार केलेली संयुगेच आहेत. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतील मातीच्या नमुन्यातील बुरशीपासून मिळाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तर टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबा येथील मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूत सापडले. ही दोन्ही संयुगे टी-पेशींमधील (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींमधील) कॅल्सिन्युरिन हे विकर रोखतात; त्यामुळे इंटरल्युकिन-२ हा रासायनिक संदेश पुरेसा तयार होत नाही आणि परक्या अवयवावर चालून जाणाऱ्या पेशींची फौज उभी राहू शकत नाही. ईस्टर बेटाच्या मातीतून आलेले सिरोलिमस मात्र त्या संदेशाला पेशी देत असलेला प्रतिसादच थोपवते. पेनिसिलियम बुरशीपासून मिळणारे मायकोफेनोलिक आम्लही अवयव नाकारला जाऊ नये यासाठी कामी येते. तथापि ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असा अर्थ कृपया काढू नये, कारण या औषधांपैकी बहुतेकांची रक्तातील पातळी सतत तपासावी लागते आणि कोणताही काढा किंवा वनौषधी त्यांची जागा घेऊ शकत नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर यकृतातील विकरांना चालना देऊन सायक्लोस्पोरिनची पातळी इतकी घटवते, की प्रत्यारोपित हृदय नाकारले जाऊ लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. याउलट ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळामुळे पातळी वाढून मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो.