दिलेले ‘वेताळ’ परत मिळतील का?

प्रश्न : मी ठाण्यात चरईत राहतो. लहानपणापासून जमवलेल्या इंद्रजाल कॉमिक्सपैकी मराठी ‘वेताळ’चे ४५ जुने अंक आणि वर यूपीआयने ५५ हजार रुपये देऊन मी नेरुळच्या एका संग्राहकाकडून मार्व्हल या अमेरिकन कंपनीच्या ‘इनक्रेडिबल हल्क’ या कॉमिकचा १८१ वा अंक घेतला. माझ्या अंकांची किंमत चॅटमध्ये ७० हजार ठरली होती, म्हणजे सौदा सव्वा लाखाचा. वाशी स्टेशनबाहेर भेटलो तेव्हा अंक जाड प्लास्टिकच्या पाकिटात टेप लावून बंद होता. ‘उघडू नका, स्पाइनला ताण येतो. मी स्वतः पान न् पान पाहिलंय, अंक कम्प्लीट आहे,’ असं तो म्हणाला. चॅटमध्येही त्यानं हेच लिहिलंय आणि खाली ‘नो रिटर्न’ असंही. दीड महिन्यानं ग्रेडिंगला, म्हणजे प्रतीची अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायचा म्हणून पाकीट उघडलं, तर वाचकांच्या पत्रांच्या पानावर छापलेला, मुलांनी जमवायचा स्टॅम्प कापलेला. आठवडाभर त्याच्याशी फोनवर वाद घालतोय. तो म्हणतो, कव्हर आहे, पानं सगळी आहेत, मग अंक कम्प्लीटच. माझे ११ वेताळ त्यानं पुण्यात एकाला विकलेसुद्धा. डोंबिवलीच्या एका मित्राने हाच हल्क या माणसाला विकला होता. ‘स्टॅम्प नाहीये’ असं मित्रानं तेव्हा चॅटवर सांगितलं होतं आणि त्याचा स्क्रीनशॉट मित्राकडे आहे. मी स्वतः अधूनमधून डबल अंक विकतो. पोलिसांत जाऊ का? माझे वेताळ परत मिळतील का?

उत्तर : पोलिसांचं नंतर बघू. आधी आज रात्री झोपण्यापूर्वी त्या माणसाला लेखी कळवा की, हा करार मी रद्द करत आहे.

घाई का, ते सांगतो. फसवून घेतलेली संमती ही कायद्याच्या नजरेत संमतीच असते, फक्त ती मागे घेता येते. जोवर तुम्ही ती मागे घेत नाही, तोवर करार जिवंत आणि तुमचे वेताळ त्याच्या मालकीचे. मालविक्री कायदा, १९३० मधलं कलम २९ म्हणतं की, अशा रद्द होण्याजोग्या करारानं माल ज्याच्या हाती आला, त्यानं करार रद्द होण्यापूर्वी तो तिसऱ्याला विकला आणि त्या तिसऱ्याला यातलं काही माहीत नसेल, तर तिसऱ्याची मालकी पक्की. म्हणून पुण्याला गेलेले ११ अंक विसरा. त्या गृहस्थाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, त्यांनी पैसे मोजून सरळपणे घेतलेत. उरलेल्या ३४ अंकांची गोष्ट वेगळी. तुमची नोटीस त्याच्या हातात पडली की त्यानंतर तो विकतो ते जाणूनबुजून विकतो, आणि कोर्टात त्याला ते फार जड जातं. तुमच्या पत्रात तुम्ही त्याच्याशी आठवडाभर फोनवर वाद घातल्याचं लिहिलंय. फोनवरचा वाद म्हणजे रद्द करणं नव्हे. निदान तसं सिद्ध करायला तुमच्याकडे काही नाही.

मजकूर फार अलंकारिक नको. साधारण असा चालेल: ‘दिनांक अमुक रोजी वाशी येथे झालेल्या व्यवहारात “इनक्रेडिबल हल्क” क्र. १८१ हा अंक कम्प्लीट असल्याचे व पाने स्वतः तपासल्याचे आपण लेखी सांगितले. अंकातील मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प कापलेला असल्याचे मला दिनांक अमुक रोजी प्रथम दिसले. या खोट्या माहितीमुळे मी सदर करार रद्द करत आहे. अंक आहे त्या स्थितीत परत करण्यास मी तयार आहे. माझे आपल्याकडील ३४ अंक व रु. ५५,००० सात दिवसांत परत करावेत, विकलेल्या ११ अंकांची रक्कम द्यावी आणि शिल्लक अंक कोणालाही विकू, देऊ वा बदलू नयेत.’ व्हॉट्सअॅपवर आज पाठवा, म्हणजे तारीख आणि वेळ पडते, आणि उद्या तेच स्पीड पोस्टाने. सोबत ४५ अंकांची यादी जोडा: क्रमांक, मुखपृष्ठाचे फोटो, आणि ओळखीच्या खुणा. जुन्या इंद्रजालवर भाड्याच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का, आतल्या पानावर पेनानं लिहिलेलं नाव, मुलानं काढलेल्या मिशा असं काहीतरी असतंच. ‘हाच तो अंक’ हे पुढे त्यावरूनच पटवायचंय.

आता हल्ककडे येऊ, कारण समोरच्याचा सगळा बचाव ‘पानं सगळी आहेत’ या एका वाक्यावर उभा आहे. या छंदातल्या नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ‘हल्क’ १८१ हा नोव्हेंबर १९७४ चा अंक, कव्हरवर किंमत २५ सेंट. वुल्व्हरिन हा मार्व्हलचा लोकप्रिय नायक १८० व्या अंकाच्या शेवटच्या पानावर डोकावतो, पण खरा अवतरतो तो १८१ मध्ये. म्हणून हा अंक जगभर शोधला जातो. त्याच वर्षी मार्व्हलनं आपल्या कॉमिक्समध्ये वाचकांच्या पत्रांच्या पानावर व्हॅल्यू स्टॅम्प छापायला सुरुवात केली होती. मुलांनी ते कापायचे आणि एका पुस्तिकेत चिकटवायचे. हल्क १८१ मध्ये शॅना द शी-डेव्हिलचा, ५४ क्रमांकाचा स्टॅम्प होता. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एखाद्या आज्ञाधारक पोरानं कंपनीचं ऐकलं, त्याची झळ आज चरईत बसतेय. स्टॅम्प गेला की पानाला आरपार चौकोनी खिडकी पडते, आणि मागच्या बाजूचा मजकूरही तेवढा जातो. त्यामुळे ‘पानं सगळी आहेत’ हे मोजणीपुरतं खरं धरलं, तरी ‘पान न् पान पाहिलंय, अंक कम्प्लीट’ हे खरं राहत नाही.

कायदाही इथे तुमच्या बाजूचा आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, ही मालविक्री कायद्याच्या कलम १५ ची अट. आणि कलम १६ सांगतं की, त्या धंद्यात जी रूढी असेल तिच्यातूनही अट निर्माण होते. हल्क १८१ विकताना स्टॅम्प आहे की नाही हे सांगायचं असतं, हे या व्यवहारातल्या कोणालाही विचारा. सीजीसीसारखी ग्रेडिंग कंपनी स्टॅम्प नसलेल्या प्रतीला हिरव्या लेबलाचा ‘क्वालिफाइड’, म्हणजे दोषाची नोंद असलेला, दर्जा देते किंवा ग्रेड तळाला नेते. दोन अनुभवी संग्राहकांनी हे प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की पुरे.

‘नो रिटर्न’ची भीती बाळगू नका. कायद्यानं गृहीत धरलेल्या अटी करारानं वगळता येतात, हे खरं. पण ज्यानं स्वतःच्या बोटांनी ‘कम्प्लीट’ टाइप केलं, त्याला खाली दोन शब्द लिहून वरचं वाक्य पुसता येत नाही. आणि फसवणुकीपुढे असली अट टिकतच नाही.

तुमची खरी कमजोर जागा दुसरी आहे. पाकीट तुम्ही तिथेच का उघडलं नाही, असा प्रश्न येणार. भारतीय करार कायद्याच्या कलम १९ मध्ये एक अपवाद आहे: साध्या दक्षतेनं खरं कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. पण तो नीट वाचा. तो चुकीच्या माहितीला आणि लबाडीच्या गप्प बसण्याला लागू आहे. समोरच्यानं जाणूनबुजून तोंडावर खोटं सांगितलं, तर त्याला या अपवादाच्या आड लपता येत नाही. म्हणजे ‘मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही’ असा त्याचा बचाव असता तर तुमचं अवघड होतं. त्यानं तर ‘स्वतः पाहिलंय’ म्हटलं आणि वर उघडू दिलं नाही. त्याला खरं माहीत होतं, हे सांगणारा डोंबिवलीचा स्क्रीनशॉट म्हणून सोन्यासारखा आहे.

तो स्क्रीनशॉट मात्र तुमच्या फोनवर फॉरवर्ड करून घेतला म्हणजे झालं, असं समजू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ चॅट ज्याच्या फोनमध्ये आहे त्यानं ते द्यायचं. मित्राला फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, म्हणून सांगा. तुमच्या बाबतीतही तेच.

अदलाबदल असल्यामुळे मालविक्री कायदा लागूच होत नाही, असा मुद्दा एखादा हुशार वकील काढेल. काढू दे. तुम्ही तुमच्या अंकांना ७० हजारांचा भाव लावून उरलेले पैसे दिलेत, त्यामुळे ही विक्रीच. आणि निव्वळ अदलाबदल मानली, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२० दोन्ही बाजूंना विक्रेत्याचे आणि खरेदीदाराचेच हक्क देतं.

हल्कचं आता काय करायचं? काहीच नाही. ग्रेडिंगला अमेरिकेला पाठवू नका, त्या खिडकीवर दुसऱ्या प्रतीतला स्टॅम्प चिकटवू नका, कोणाला विकू तर नकाच. करार रद्द करणाऱ्यानं मिळालेलं परत द्यायचं असतं, आणि तुम्ही मालकासारखं वागलात किंवा फार काळ गप्प राहिलात तर माल स्वीकारला असं धरून फक्त नुकसानभरपाई उरते. दीड महिना चालून जाईल, कारण पाकीट बंद ठेवायला त्यानंच सांगितलं. स्टॅम्प नाही हे कळल्यानंतरचा प्रत्येक दिवस मात्र तुमच्या खात्यावर. पत्रांच्या पानाचे, पाकिटाचे आणि टेपचे फोटो काढून अंक पुन्हा आत ठेवा.

नोटिशीला दाद दिली नाही तर दोन वाटा. पहिली, ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे नवी मुंबईला खेटे नकोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, ऑनलाइन दाखल करता येते. अडचणी दोन. तो ‘मी दुकानदार नाही, हौशी माणूस’ म्हणेल. त्याच्या इन्स्टाग्राम पानावरच्या विक्रीच्या पोस्ट आत्ताच जपून ठेवा, नंतर त्या उडतील. आणि तुमच्याबद्दल तो म्हणेल की, हेही विकतात, म्हणजे पुनर्विक्रीसाठी घेतलं, म्हणजे ग्राहक नाहीत. डबल अंक विकता हे लपवू नका. हल्क स्वतःच्या संग्रहासाठी घेतला एवढं खरं असेल तर तेवढंच ठामपणे सांगा. ‘पुढेमागे भाव येईल’ असं तुम्ही त्याला चॅटमध्ये लिहिलं असेल तर मला आधी दाखवा.

दुसरी वाट दिवाणी न्यायालयाची, आणि वेताळ परत हवे असतील तर माझा कल इकडे आहे. सौदा वाशीत झाला, तो नेरुळला राहतो, म्हणून दावा बेलापूरला. त्यात पहिल्याच तारखेला अंक विकण्यास मनाई मागायची. पैसे दिले की भरपाई झाली, असं हे प्रकरण नाही, आणि विनिर्दिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ८ मध्ये नेमकी अशाच वस्तू परत मिळवण्याची सोय आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाचं इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. मधल्या काळातले मराठी अंक बहुतेक घरांतून रद्दीवाल्याकडे गेले. तुमच्या ३४ अंकांच्या बदल्यात तेच ३४ अंक कुठून आणणार? ७० हजार घेऊन बाजारात गेलात तरी मिळतील याची खात्री नाही, आणि हे न्यायाधीशांना सांगायला लाजू नका.

पोलिसांत तक्रार देता येईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते, पण पहिल्यापासून बेइमानीचा हेतू दाखवावा लागतो. स्क्रीनशॉटमुळे तुमची बाजू इतरांपेक्षा बरी, तरी ठाणे अंमलदार ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ म्हणण्याचीच शक्यता जास्त. नोटिशीनंतर त्यानं आणखी अंक विकले तर मात्र जरूर जा. तोवर त्याचा फोटो टाकून संग्राहकांच्या ग्रुपवर ‘चोर’ वगैरे लिहू नका. बदनामीचा दावा त्याच्या हातात आयता द्यायला काहीच कारण नाही.

अशी माणसं बहुधा नोटिशीनंतर तडजोडीला येतात, कारण या छंदात नाव गेलं की पुढचा सौदा मिळत नाही. तो ३४ अंक, ५५ हजार आणि विकलेल्या ११ अंकांची किंमत द्यायला तयार झाला, तर घ्या. ११ अंकांसाठी चॅटमधला भाव किंवा पुण्यात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, जे जास्त असेल ते मागा. थोडं कमी मिळालं तरी अडून बसू नका. फक्त सगळं कागदावर घ्या आणि देवाणघेवाण एकाच बैठकीत, हातोहात होऊ द्या. ‘आधी हल्क पाठवा, मग बघतो’ याला नाही म्हणा. आणि ३४ अंक तिथेच, पाकिटातून बाहेर काढून, यादीशी ताडून घ्या.