जर्मनीत टेनिस कोच म्हणून यायचंय? आधी करार दाखव

‘दादा, सत्तावीस पूर्ण झाली, रँकिंग हलत नाही आणि रॅकेट सोडवत नाही. जर्मनीतला एक क्लब कोच म्हणून बोलावतोय, येऊ का?’ असं विचारलंयस. ये. पण करार नीट वाचल्याशिवाय तिकीट काढू नकोस.

क्लबला पहिलं विचार, पगारी नोकरी की तासावर? भारतातून कोचला नोकरीवर आणायचं तर किमान पगाराची अट आहे, पेन्शन विम्याचा हप्ता जास्तीत जास्त ज्या उत्पन्नावर घेतात, त्याच्या निम्मा. 2025 साली तो टॅक्स कापायच्या आधी महिना 4,025 युरो होता. वर तुझी पात्रता टेनिस महासंघाने मान्य करावी लागते. गावातल्या क्लबला हे झेपत नाही, म्हणून ते ‘फ्रीलान्स ये’ म्हणतात. तासाचा आकडा ऐकून हुरळू नकोस. स्वतंत्र कोच इथे कायद्याने शिक्षकांत मोडतो, आणि 18.6 टक्के पेन्शन विमा सगळा त्याच्याच खिशातून जातो. आरोग्य विमा वेगळा. शाळेला सुट्ट्या लागल्या की ट्रेनिंग बंद, कमाईही बंद. उन्हाळ्यातले सहा आठवडे धरूनच हिशेब कर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पेन्शन विम्याची दोन वर्षांची थकबाकी एकदम भरावी लागली आणि त्या दिवाळीला आईकडे पुण्याला जाणं राहून गेलं.

तू हार्ड कोर्टवर वाढलास, इथे उन्हाळाभर लाल माती. खेळून झालं की माती सारखी करायला कोर्टवरून जाळी ओढायची, कडेपासून गोल गोल आत येत, मग ब्रशने रेषा झाडायच्या. पहिल्या आठवड्यात मी तसाच निघालो, तर सत्तरीच्या एका आजींनी मला परत बोलावून जाळीची दोरी हातात दिली.

दुपारी सहा-सात वर्षांची पोरं येतात, मऊ लाल बॉल आणि 11 मीटरचं कोर्ट. तिथे तुझी सर्व्हिस कामाची नाही, ‘आधी पाय, मग हात’ हे जर्मनमधून पटकन तोंडात आलं पाहिजे. म्हणून पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषेची बी-वन पातळी करूनच नीघ, आणि इथे आल्यावर लगेच कोचिंगच्या सी-लायसन्सच्या मागे लाग.

टेनिसपटू बोरिस बेकरचं गाव लाइमेन माझ्या घराजवळच आहे. 1985 साली 17व्या वर्षी विम्बल्डन जिंकलेला तो माणूस पुढे तीन वर्षं जोकोविचचा कोच होता. तसल्या नावाला कुणी कागद विचारत नाही. आपल्याला विचारतात, आणि पालक आपली पोरं सोपवतात तेव्हा त्यांनी विचारावंच.

कराराचे फोटो पाठव. रविवारी बसून वाचतो, मग फोन करतो. तोवर सही नको.