रूममेट सामान अडवून बसलाय, फ्लॅटची किल्लीही त्याच्याकडेच. परत कसं मिळवू?

कुलूप तोडू नका, मित्रांची फौज घेऊन जाऊ नका. तसं केलंत तर तक्रार तुमच्यावरच उलटते.

आधी यादी करा: वस्तू, कंपनी, मॉडेल, लॅपटॉप-मोबाइलचा सीरियल किंवा आयएमईआय नंबर, बिल किंवा जुना फोटो. ‘माझे कपडे, भांडी वगैरे’ असं मोघम लिहिलं की पोलीस ‘आपसात मिटवा’ म्हणतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर शांत भाषेत ही यादी पाठवा, नेण्याची तारीख-वेळ द्या, उत्तर जपून ठेवा. ‘थकलेलं भाडं दे, मग सामान’ हे त्याचं वाक्य लेखी मिळालं तर उत्तमच. भाड्याचा हिशेब वेगळा, तुमची वस्तू वेगळी. त्याने नाहीच म्हटलं तर घरमालकाला कळवा, भाडेकरारावर तुमचं नाव असेल तर तेही सांगा.

तरीही अडलं तर फ्लॅट ज्या हद्दीत येतो त्याच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या (नाशिकमध्ये असाल तर गंगापूर, इंदिरानगर, पंचवटी, जिथे असेल तिथे) आणि पोच घ्या. बऱ्याचदा नुसती अदखलपात्र नोंद होते, पण ठाण्यातून एक फोन गेला की अनेकदा सामान बाहेर येतं. मारहाणीची भीती असेल तर ११२.

नेताना एक तटस्थ माणूस सोबत ठेवा, सगळ्याचा व्हिडिओ काढा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या. मूळ मार्कशीट आणि आधार आधी तपासा. गोंधळात तेच राहून जातं.

वस्तू महागडी असेल तर वकिलाची नोटीस पाठवा. खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं, मोफत कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण गाठा.